उंची हे कारण नव्हे

उंच पर्वतांवरच्या तळ्यांतल्या कीटकांवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं: उंची वाढते तशी कीटकांची विविधता घटते. आकड्यांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या आकड्यांवरून 'उंचीमुळे' असं म्हणण्यावर.

अळीला उंची कळत नाही. तिला कळतं ते पाण्याचं तापमान, पाणी किंवा बर्फ किती दिवस टिकतं, आणि शेजारी मासा आहे की नाही. ख्रिश्चन कॉर्नर यांनी २००७ मध्येच हे नीट मांडलं. हवेचा दाब आणि तापमान उंचीबरोबर सगळीकडेच कमी होतात. पाऊस, वारा, हंगामाची लांबी मात्र डोंगरागणिक बदलते. तरीही आपल्या तक्त्यांत उंचीचा रकाना पहिला असतो. जीपीएसवर तो आकडा फुकट मिळतो ना!

आता घोटीच्या बाजूने बघा. गावापासून कळसूबाईच्या १६४६ मीटर माथ्यापर्यंत साधारण हजार मीटरचा फरक, म्हणजे तापमानात ढोबळमानाने सहा-साडेसहा अंशांचा. आल्प्समधली तळी महिनोन्‌महिने बर्फाखाली असतात. इथे तो प्रश्नच नाही. इथे वर आहेत ती कातळातली पावसाळी डबकी आणि अलंग-कुलंगसारख्या किल्ल्यांवरची कोरीव टाकी. डबकं पावसानंतर आटतं, खोल टाक्यात पाणी पुढे कितीतरी महिने राहतं. उंची तीच, पण कीटकांसाठी दोन वेगळी जगं.

डबक्यात सगळी घाई. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा भटका चतुर पावसाबरोबर येतो, अंडी घालतो, आणि त्याची पिल्लं काही आठवड्यांत पंख फुटून निघून जातात. ज्या चतुरांच्या पिल्लांना कित्येक महिने लागतात, त्यांचा इथे निभाव लागत नाही. पाणभुंगे पाणी आटायला लागलं की उडून दुसरीकडे जातात. म्हणून जुलैत एकदा जाळी मारून 'या डबक्यातले कीटक' अशी यादी छापणं मला पटत नाही. ऑक्टोबरची यादी वेगळीच निघेल.

दुसरी तक्रार ओळख पटवण्याची. कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या आपण बहुतेकदा कुळाच्या नावावर एकाच ओळीत मोजतो. आता या कुळातल्या आफ्रिकेच्या कातळडबक्यांतल्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकीची अळी पूर्ण वाळून पुन्हा जिवंत होते. बहुतेक भाऊबंदांना ते जमत नाही. सगळ्यांना एका ओळीत टाकलं की ज्याचा अभ्यास करायचा तोच फरक पुसला जातो.

आणि मासे. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाची बरीच उंच तळी मुळात बिनमाशांची होती. तिथे ट्राउट सोडल्यावर मोठे, ठळक दिसणारे कीटक कमी झाले. मासे काढल्यावर बरेचसे परतले, हे रोलँड नॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तळ्यांची उंची दोन्ही वेळा तीच होती.

हे इथे का सांगतोय? डासांसाठी गप्पी मासे सोडायची पद्धत आपल्याकडे सरसकट आहे, आणि गडावरच्या टाक्यांतही 'सोडून टाका' म्हणणारे असतात. चतुरांची पिल्लं आणि पाणभुंगे डासांच्या अळ्या आधीच खात असतात. तेव्हा मासा सोडण्याआधी निदान वर्षभर, दर महिन्याला, त्या टाक्यात काय राहतं ते मोजा. सोबत पाण्याची खोली आणि तापमानही लिहून ठेवा. उंचीचा आकडा शेवटच्या रकान्यात टाकला तरी चालेल.