ययाति
ययाति : वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची पौराणिक कथानकावर आधारलेली मराठी कादंबरी (१९५९). महाभारताच्या आदिपर्वातील ययातीचे उपाख्यान हा तिचा आधार असला, तरी प्रेम, कामवासना आणि आत्मिक उन्नती यांच्या परस्परसंबंधांचा शोध हा तिचा खरा विषय होय. तिला साहित्य अकादेमीचे पारितोषिक (१९६०) मिळाले. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार याच कादंबरीबद्दल खांडेकरांना देण्यात आला. हा मान मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत.

हस्तिनापूरचा राजा ययाति, त्याची पत्नी देवयानी आणि तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून कथानक उलगडत जाते. कचाने अव्हेरलेली देवयानी दुखावलेल्या अहंकारासह राणीपद स्वीकारते. त्यामुळे पतिपत्नींत शरीरसंबंध येतो, परंतु मनोमीलन होत नाही. शर्मिष्ठेच्या निरपेक्ष प्रेमात ययातीला काही काळ विसावा मिळतो. तिच्या वियोगानंतर मात्र तो अनिर्बंध भोगात बुडतो. शुक्राचार्यांच्या शापाने वार्धक्य आल्यावर तो पुत्र पुरू याचे तारुण्य मागून घेतो. मूळ कथेतील सहस्र वर्षांच्या उपभोगाऐवजी येथे लवकरच येणारा पश्चात्ताप निर्णायक ठरतो.

मूळ कथेत खांडेकरांनी केलेले बदल अर्थपूर्ण आहेत. महाभारतात देवयानीपासून दुरावल्यानंतर कच कथेतून नाहीसा होतो. कादंबरीत तो अखेरपर्यंत वावरतो. ययातीचा थोरला भाऊ यति याचा महाभारतातील ओझरता उल्लेख येथे स्वतंत्र व्यक्तिरेखेत विस्तारला आहे. स्त्रीद्वेषातून देहाचे दमन करणारा यति आणि देहापलीकडे काहीच न मानणारा ययाति ही दोन टोके असून कच हा त्यांतील संयमाचा मध्यबिंदू आहे. यतीचे वैराग्यही वासनेइतकेच विकृत ठरू शकते, हे दाखविण्यात लेखकाच्या जीवनदृष्टीचा समतोल दिसतो.

तथापि हा समतोल कलादृष्ट्या सर्वत्र सिद्ध झालेला नाही. कचाला मोहाशी झगडताना वाचक फारसा पाहत नाही. त्यामुळे त्याचा संयम अनुभवापेक्षा उपदेशाच्या रूपाने पुढे येतो. तिन्ही निवेदकांची भाषा सारखीच अलंकारप्रचुर व सुभाषितवजा असल्याने त्यांची मने भिन्न असूनही आवाज एकच वाटतो. शर्मिष्ठेच्या आत्मविलोपनाचा गौरव करताना तिच्या दास्यातील अन्याय सौम्य होतो, तर देवयानीच्या रास्त व्यथेवर तिच्या गर्वाची छाया पडते. प्रेमाची कसोटी म्हणून त्यागाचा भार मुख्यतः स्त्रीवरच पडतो, ही या कादंबरीची एक मर्यादा होय.

ययातीचे निवेदन हे मात्र तिचे मोठे बलस्थान आहे. कबुली देता देताच स्वतःचे समर्थन करणारे, मृत्यूच्या भयापासून वाचण्यासाठी स्त्रीदेहाचा आश्रय शोधणारे हे मन खांडेकरांनी बारकाईने रंगविले आहे. त्याची भोगलालसा भीतीतून आणि एकाकीपणातून जन्मते. म्हणूनच हा पुराणपुरुष यंत्रयुगातील सुखलोलुप माणसाचा प्रतिनिधी ठरू शकतो. याच कथेवर गिरीश कार्नाड यांनी कन्नडमध्ये आणि वि. वा. शिरवाडकर यांनी मराठीत नाटके लिहिली आहेत. खांडेकरांचे वेगळेपण असे, की त्यांनी तारुण्याच्या अदलाबदलीतील नाट्यापेक्षा वासना आणि प्रेम यांतील सीमारेषेला अधिक महत्त्व दिले. सदोष असूनही ही कादंबरी दीर्घकाळ वाचली गेली, याचे कारण तिने दिलेल्या उत्तरापेक्षा या प्रश्नाच्या तीव्रतेत अधिक आहे.