गोधडीची समीक्षा

(उंद्री येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इथं टेबलावर तीन गोधड्या ठेवल्या आहेत. तिन्ही माझ्या आईच्या हातच्या. आपल्याकडं कुणी वाकळ म्हणतं, जुनी माणसं 'वाकय' म्हणतात. आज मी या गोधड्यांचं कौतुक करायला आलेलो नाही. कौतुक पुष्कळ झालं. मला त्यांची समीक्षा करायची आहे, आणि हे दोन वेगळे उद्योग आहेत.

गोधडीबद्दल बोलायला लागलं की आपण पहिल्याच वाक्यात 'आईची माया' म्हणतो. 'मायेची ऊब' म्हणतो. डोळे भरून येतात आणि विषय संपतो. मीही अनेक वर्षं असंच बोललो. पण मायेत एक अडचण आहे. माया कधी चुकत नाही, फसत नाही. कलाकृती मात्र फसू शकते. ज्या कामात चूक दाखवताच येत नाही, त्यात कौशल्यही दाखवता येत नाही. आपण बाईच्या हातच्या कामाला नुसती माया म्हणतो, तेव्हा तिनं घेतलेले निर्णय पुसून टाकतो. कवीच्या कवितेबद्दल 'किती प्रेमानं लिहिली हो' एवढंच म्हणून आपण थांबतो का?

आता ही पहिली गोधडी बघा. लग्नानंतरच्या दोन-चार वर्षांतली. हिरवं आणि लाल, दोन लुगडी. टाके बारीक, ओळी सरळ. चारी कडांनी आत आत येत गेलेला धावदोरा, मध्ये उरलेला छोटा चौकोन. कडेकडून आत येताना कापड आतल्या बाजूला सरकतं. हात सारखा नसेल तर मध्यभागी झोळ येतो. इथं झोळ नाही. विशी-बाविशीच्या पोरीची ही शिस्त आहे. पण मला विचाराल तर यात शिस्तच जास्त आहे. सासूला दाखवायला शिवलेली वाटते. लाल आणि हिरवं शेजारी आहेत, पण त्यांची ओळख झालेली नाही.

दुसरी गोधडी फसलेली आहे. हे मी आईसमोरही म्हटलं होतं, आणि तिला राग आला नव्हता. तेव्हा घरात टेरिलीन आलं होतं, नायलॉनच्या साड्या आल्या होत्या. तिनं सुती तुकड्यांच्या शेजारी तेच जोडले. धुतल्यावर सूत आटलं, टेरिलीन आटलं नाही. बघा, जागोजागी कशा चुण्या पडल्यात. शिवाय आतले थर जास्त झाले. ती स्वतःच म्हणायची, "धुवाले लय जड झाली, बाबू." म्हणजे समीक्षा तिनं माझ्या आधीच केली होती. आणि तिचा निकष रंगाचा नव्हता, धुण्याचा होता.

हा निकष कमी दर्जाचा मानायचा का? इथं थोडं तत्त्वज्ञान येतं. कांटनं १७९० मध्ये सौंदर्याचा आनंद हेतूपासून, उपयोगापासून वेगळा काढला. आपल्याकडं मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचे नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त दाखवलं की कलेचा विचार लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांत फिरतो. मी हे सगळं वर्गात शिकवलं. उदाहरणं दिली ती कवितेची, चित्राची, गाण्याची. रात्री मात्र ज्या वस्तूत संवाद, विरोध, समतोल तिन्ही शिवलेले होते, ती अंगावर घेऊन झोपलो. एकदाही तिचं उदाहरण सुचलं नाही. पाटणकरांचे दोन्ही ध्रुव गोधडीत एकाच टाक्यात येतात. टाका थर धरून ठेवतो, आणि तोच टाका रेघ काढतो. एक काम बिघडलं की दुसरंही बिघडतं. दुसरी गोधडी जड झाली, आणि बघायलाही ती गच्चच वाटते.

आता तिसरी. ही वडील गेल्यानंतरची. मध्ये मोठा पांढरा तुकडा आहे, तो वडिलांच्या धोतराचा. पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, बघा, आठवण कशी जपली! मीही तसंच समजलो होतो. एकदा विचारलं तर म्हणाली, "पांढरं मधात घेतलं तं बाकीचे रंग उठून दिसते."

आठवण नव्हती असं मी म्हणत नाही. ती असणारच. पण तिनं मला कारण दिलं ते रंगाचं. पहिल्या गोधडीत लाल-हिरव्याची ओळख झाली नव्हती, ती पन्नास वर्षांनी तिनं पांढऱ्याला मध्ये बसवून करून दिली. तोवर डोळे अधू झाले होते, सुई नातवंडं ओवून द्यायची. टाके लांब झाले, ओळी वाकड्या. धोतराला एक विरलेली जागा होती, तिला वळसा घालून ओळ पुढं गेली आहे, पाणी दगडाला वळसा घालतं तशी. पहिलीतली शिस्त इथं सुटलेली आहे, आणि तिन्हींत मला हीच श्रेष्ठ वाटते. मोठ्या चित्रकारांच्या म्हातारपणीच्या कामाबद्दल आपण 'उत्तरकाळातली शैली' असं बोलतो. मग इथं का नाही?

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात झालं. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रं दिसली. मला त्यातली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गोधडीसोबत शिवणारीचं नाव आणि साल लिहिलेलं होतं. नाव आलं की एकाच बाईची पहिली आणि शेवटची गोधडी शेजारी ठेवता येते. तेव्हा आयुष्यभराचं काम दिसतं. नाहीतर दिसतं ते फक्त 'लोककलेचा नमुना'.

बहिणाबाई चौधरी स्वतः लिहीत नव्हत्या. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं आणि आपल्याला कवयित्री मिळाली. गोधडीला उतरवून घेणारं कुणी भेटलं नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आईची चौथीही एक गोधडी होती. बदली झाली तेव्हा टेम्पोत पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर मी ती बांधली. दोरानं फाटली. नव्या गावी पोचल्यावर टाकून दिली. पुस्तकं सौंदर्यशास्त्राची होती. ती गोधडी पहिलीनंतरची की दुसरीनंतरची, तिच्यात आई काय शिकली होती, हे आता कळायला मार्ग नाही. या तीन गोधड्यांत मला जो प्रवास दिसतो, त्यातली एक पायरी मीच काढून टाकलेली आहे.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. आज घरी गेल्यावर गोधडीच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूला, शिवणारीचं नाव आणि साल दोऱ्यानं घाला. कोणतं कापड कुणाचं, ते वहीत लिहा. आणि तिला विचारा: हा तुकडा इथंच का लावला? यातली कोणती जमली, कोणती फसली? ती आधी हसेल. मग बोलायला लागेल. तेव्हा मध्येच 'आईची माया' म्हणून तिला थांबवू नका.

आता या तिन्ही गोधड्या खाली घेऊन जा. हात लावून बघा, उलटून बघा. आणि माझं मत चुकलं असेल, तर इथल्या शिवणाऱ्या बायांनी मला सांगावं. त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे.