‘डार्क सोल्स’मधील संग्रह आणि युद्धक्रिया

व्हिडिओ खेळांच्या समीक्षेत ‘कठीण’ हे विशेषण बहुधा निष्कर्ष म्हणून वापरले जाते. वस्तुतः ते विवेचनाचा आरंभ असावयास हवे. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली निर्माण केलेला ‘डार्क सोल्स’ हा खेळ २०११ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याच्या काठिण्याची स्तुती पुष्कळ झाली, निंदाही झाली. परंतु ते काठिण्य न्याय्य आहे काय, म्हणजेच खेळाडूचा पराभव त्याच्याच निर्णयाचे फळ असते की खेळाच्या रचनेतील दोषाचे, हा प्रश्न क्वचितच नीट मांडला गेला आहे. त्याचे उत्तर खेळाच्या दोन अंगांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते. एक अंग वस्तूंच्या संग्रहाचे, खेळाडूंच्या बोलीतील ‘इन्व्हेंटरी’चे, दुसरे हातातील कन्ट्रोलरच्या बटणांनी चालणाऱ्या युद्धक्रियेचे.

भाषाशास्त्रात सोस्यूरच्या विवेचनापासून संबंधांचे दोन प्रकार मानले जातात. एका जागी येऊ शकणाऱ्या अनेक घटकांतून एकाची निवड होते, तो निवडसंबंध. निवडलेले घटक एकापुढे एक येऊन वाक्य घडते, तो क्रमसंबंध. ‘डार्क सोल्स’मधील संग्रह हे निवडीचे क्षेत्र आहे. प्रत्येक हातासाठी शस्त्राच्या वा ढालीच्या दोन जागा, अंगठ्यांच्या दोन आणि झटपट वापरावयाच्या वस्तूंच्या पाच जागा असतात. संग्रह कितीही मोठा झाला, तरी रणांगणावर या मोजक्या जागांतील वस्तूच ‘बोलू’ शकतात. युद्ध हे क्रमाचे क्षेत्र होय: प्रहार, ढाल, कोलांटी, पुन्हा प्रहार, असे त्याचे वाक्य बनत जाते.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे वजन. अंगावर धारण केलेल्या वस्तूंचे वजन पात्राच्या वहनक्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल, तर कोलांटी जलद बसते. ५० टक्क्यांपर्यंत ती मध्यम होते. त्यापुढे ती जड होऊन पात्र धप्पकन आपटते व सावरण्यास वेळ घेते. सहनशक्ती २० असलेल्या पात्राची क्षमता, अंगठ्यादी साह्याशिवाय, ६० असते. म्हणजे १५ पर्यंतचे वजन त्याला चपळ ठेवते. त्याने आरंभीच्या स्मशानात मिळणारी ‘झ्वाइहँडर’ ही प्रचंड तलवार घेतली, तर तिचेच १० वजन पडते आणि चिलखतासाठी फारसे काही उरत नाही. याच तलवारीला ताकद २४ लागते; परंतु दोन्ही हातांनी धरल्यास पात्राची ताकद दीडपट मोजली जात असल्याने १६ पुरते. तिची किंमत अर्थात ढालीच्या त्यागाने चुकवावी लागते. शस्त्राची निवड अशा रीतीने युद्धाच्या व्याकरणाची निवड ठरते.

युद्धक्रियेचे मर्म तिच्या अपरिवर्तनीयतेत आहे. बटण एकदा दाबले, की प्रहार पूर्ण होईपर्यंत तो मागे घेता येत नाही. प्रत्येक प्रहार, प्रत्येक कोलांटी आणि ढालीवर झेललेला प्रत्येक आघात ‘दम’ खातो. ढाल उचललेली असताना दम सावकाश भरतो. म्हणून सतत ढालीआड दडणारा खेळाडू सुरक्षित नसून हळूहळू रिता होत असतो. जखमा भरून काढणाऱ्या एस्टसच्या कुपीचा घोट घेण्यासही क्षण लागतात आणि तेवढा वेळ पात्र उघडे पडते. संग्रहाचे पान उघडले म्हणून काळ थांबत नाही. शत्रू चालत येतच असतो. यास्तव कोणती वस्तू कोणत्या जागी ठेवावी याचा विचार शेकोटीपाशी, युद्धापूर्वीच करणे भाग पडते. बटणांवरील प्रभुत्व म्हणजे बोटांचा वेग नव्हे. आपल्या शस्त्राला किती वेळ लागतो आणि आपल्यापाशी किती दम शिल्लक आहे, याचे अचूक भान होय.

संग्रह केवळ हिशेबापुरताही नाही. प्रत्येक वस्तूसोबतच्या चार ओळींच्या वर्णनातूनच कथेचा मोठा भाग कळतो. आर्टोरियसची अंगठी बोटात नसेल, तर अगाध गर्तेत उतरणारे पात्र तत्काळ मरते. ती अंगठी ज्या सिफ नावाच्या लांडग्याकडून युद्ध करून मिळवावी लागते, तो आर्टोरियसचाच सहचर. वर्णन वाचणाऱ्याला अंगठीचा उपयोग आणि त्या युद्धाचा विषाद दोन्ही एकदमच उमगतात. ‘अनुग्रह आणि संरक्षण’ या नावाची अंगठी प्राण, दम व वहनक्षमता २० टक्क्यांनी वाढवते. पण एकदा घातल्यावर काढली, की ती भंगते. युद्धातील अपरिवर्तनीयता येथे संग्रहातही अवतरली आहे.

तथापि दोष नाहीत असे नाही. पहिला दोष मौनाचा. वजनाचे आकडे पडद्यावर दिसतात, परंतु २५ व ५० टक्क्यांच्या सीमारेषा खेळ स्पष्ट सांगत नाही. ज्या नियमावर जीवनमरण अवलंबून आहे, तो नियम अनुमानाने शोधावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पुढे जाण्याची खूण आणि हलक्या प्रहाराचे बटण एकाच क्षणी जुळले तर लाथ बसते. जड प्रहाराचे बटण जुळले तर उडी मारून प्रहार होतो. चालत जाऊन साधा वार करू इच्छिणाऱ्याच्या हातून लाथ निघते आणि कड्यावर उभ्या असलेल्याची उडी त्याला दरीत नेते. दोन भिन्न अर्थांची चिन्हे इतकी सारखी असावीत, हा चिन्हव्यवस्थेतील संदेह आहे. चिन्हे अशी संदिग्ध झाली, तर श्रोत्याच्या गैरसमजाचा दोष वक्त्यावर लादता येत नाही. तद्वत या ठिकाणचे मरण खेळाडूच्या माथी मारता येणार नाही. त्याच संस्थेच्या २०२२ मधील ‘एल्डन रिंग’मध्ये उडीला स्वतंत्र बटण मिळाले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

यावरून काठिण्याची दोन रूपे वेगळी करता येतात. निवड आपली, क्रम आपला आणि परिणामही आपला, असे जेथे घडते, तेथील पराभव शिकवतो. ‘डार्क सोल्स’चा बराच मोठा भाग या कोटीतला आहे. जेथे खेळाडू एक बोलतो आणि खेळ दुसरेच ऐकतो, तेथील पराभव केवळ शिणवतो. पहिल्या काठिण्याचे कौतुक करताना दुसऱ्यावर पांघरूण घालणारी समीक्षा खेळालाही न्याय देत नाही आणि खेळणाऱ्यालाही नाही.