नियम, निर्णय आणि कला : एका कल्पनाक्रीडेतील वादाची चिकित्सा

१

नियम आणि कला ह्यांचा परस्परसंबंध हा काव्यशास्त्रात व संगीतशास्त्रात वारंवार चर्चिला गेलेला प्रश्न आहे. खेळाच्या क्षेत्रात मात्र तो सहसा उपस्थित होत नाही. बुद्धिबळातील उंटाने तिरपे चालावे की नाही ह्याविषयी जाणकारांत मतभेद नसतो. नियम गृहीत धरूनच कौशल्याची चर्चा सुरू होते. ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा ह्या लहानशा गावी, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. हा नियमांनी बांधलेला खेळ समजावा की खेळविणाऱ्याची कला समजावी, हा वाद त्याच्या चाहत्यांत तेव्हापासून अखंड चालू आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाची भाषाशास्त्राच्या अंगाने चिकित्सा करावयाची आहे. आमचे प्रतिपाद्य असे, की नियम असावेत की नसावेत हा ह्या वादाचा खरा विषयच नव्हे. कोणता नियम केव्हा लागू करावा हे कोणी ठरवावयाचे, आणि ठरविल्याचे इतरांस कळावे की नाही, हा त्याचा खरा विषय आहे. हा भेद न केल्यामुळे दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धवट राहिले आहे.

२

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. काही मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण पंच असतो. भुयारे, राक्षस, खजिने इत्यादींनी युक्त असा एक अद्भुत प्रदेश त्याने आधीच आखून नकाशा आपल्याजवळ ठेवलेला असतो. इतर प्रत्येक जण योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक ह्यांसारखे एक पात्र धारण करतो. पंच परिस्थिती वर्णन करतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. आणि फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. उदाहरणार्थ, १९७४ च्या पुस्तिकांनुसार भुयारातील बंद दार रेटले असता सहा बाजूंच्या फाशावर एक किंवा दोन पडल्यास ते उघडते.

बुद्धिबळात चाल हाताने होते, येथे ती वाणीने होते. 'मी दार ढकलतो' हे खेळाडूचे विधान, आणि 'दार उघडले' हे पंचाचे. हे दुसरे विधान वरवर वर्णनात्मक दिसते. परंतु त्याच्या उच्चारापूर्वी उघडलेले दार कोठेही नसते. ते उच्चारल्यानेच दार उघडते. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी ज्यांना कृतिरूप उक्ती मानले, त्या वर्गात हे विधान पडते. अशा उक्तीस सत्य किंवा असत्य म्हणण्यापेक्षा ती उच्चारण्याचा अधिकार वक्त्यास होता काय, आणि तो त्याने योग्य रीतीने वापरला काय, असे विचारणे अधिक सयुक्तिक असते. आमच्या मते प्रस्तुत वादाची किल्ली येथेच आहे.

३

वादाची मुळे खेळाच्या जन्मापूर्वीची आहेत. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइस्वित्झ ह्यांनी १८२४ साली 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्ये हलवावयाची, हानी फाशांनी व कोष्टकांनी मोजावयाची आणि दोन्ही पक्षांवर पंच नेमावयाचा, अशी ती योजना होती. कोष्टकांच्या भाराने खेळ मंदावतो अशी तक्रार पुढे होऊ लागली. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा ह्या सेनाधिकाऱ्यांनी कोष्टके बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा, असे प्रतिपादन केले. म्हणजे 'नियम की निर्णय' हा प्रश्न अद्भुतरम्य खेळाच्या जवळजवळ शतकभर आधी सैनिकी शिक्षणात उपस्थित झालेला होता.

त्याचा धागा अमेरिकेत पोचला तो चार्ल्स टॉटन ह्यांच्या 'स्ट्रॅटेगॉस' (१८८०) ह्या ग्रंथाच्या द्वारे. पंचाच्या व्यापक अधिकाराची कल्पना त्यातून उचलून मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली ह्यांनी १९६९ साली 'ब्राउनश्टाइन' हा खेळ रचला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन आणि 'चेनमेल' (१९७१) ह्या मध्ययुगीन युद्धक्रीडेच्या नियमांचे सहलेखक गॅरी गायगॅक्स ह्यांच्या सहकार्यातून १९७४ चा खेळ निर्माण झाला. एकाकडून पंचाचे स्वातंत्र्य आले, दुसऱ्याकडून कोष्टकांची शिस्त आली. दोन्ही परंपरा तीन पुस्तिकांच्या एकाच पेटीत बंद झाल्या. पुढील वादाचे बीज असे ग्रंथातच पेरलेले होते.

त्या पेटीवरील शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. तेथे हे मध्ययुगीन अद्भुत युद्धक्रीडांचे नियम आहेत असे म्हटले होते. 'भूमिका करणे' हा शब्दप्रयोग तेथे नव्हता. खेळविणाऱ्यास पुस्तिकांत 'पंच' एवढेच म्हटले होते. 'डन्जन मास्टर', म्हणजे भुयाराचा स्वामी, हे नाव १९७५ च्या सुमारास रूढ झाले. पंच हा नियमांच्या अधीन असतो. स्वामी हा आपल्या क्षेत्राचा धनी असतो. ह्या पदांतरात अधिकाराची कल्पना किती बदलली, हे निराळे सांगावयास नको.

४

१९७४ च्या शेवटच्या पुस्तिकेच्या समारोपात लेखकांनी वाचकांस असे सुचविले होते, की अगदीच अडल्याशिवाय अर्थनिर्णयासाठी आम्हांस पत्रे लिहू नयेत. आपणांस कसे हवे ते ठरवावे आणि तसे करावे. ही मुभा वाचकांनी मनावर घेतली. १९७५ साली लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड ह्यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे संकलन सुरू केले. एलिझाबेथकालीन नाटकांतील रंगसूचनांवरून घेतलेले हे नाव होते. प्रत्येक सभासदाने आपली पाने लिहून पाठवावयाची, इतरांच्या मागील पानांवर अभिप्राय द्यावयाचा, आणि सर्व पाने एकत्र बांधून सर्वांस धाडावयाची, अशी त्याची पद्धत होती. जॉन पीटरसन ह्यांनी 'दि इल्यूझिव्ह शिफ्ट' (२०२०) ह्या ग्रंथात अशा हौशी लेखनाच्या आधारे ह्या खेळाच्या कल्पनेचा इतिहास मांडला आहे. खेळाचे तत्त्वज्ञान त्याच्या कर्त्यांइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, त्याच्या वाचकांनी घडविले हे त्यावरून दिसते.

ह्या काळात पाठभेद झपाट्याने वाढले. मूळ नियम दुर्बोध वाटल्यामुळे केन सेंट आंद्रे ह्यांनी १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतंत्र खेळ रचला. कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिन ह्यांनी युद्धप्रसंगांसाठी केलेले संकेत १९७६ पासून प्रचारात आले. भाषेची उपमा द्यावयाची तर बोली निर्माण झाल्या. त्यामागोमाग प्रमाणीकरणाचा प्रयत्न होणे हेही भाषेच्या इतिहासास धरूनच होते. १९७७ ते १९७९ ह्या काळात गायगॅक्स ह्यांच्या नावे 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे तीन ग्रंथ निघाले आणि त्यांत एकरूपतेचा आग्रह धरण्यात आला. पाच वर्षांपूर्वी 'तुम्हीच ठरवा' म्हणणारा लेखक आता प्रमाणग्रंथाचा कर्ता झाला.

ह्या स्थित्यंतरास आर्थिक बाजूही होती. नवा खेळ जुन्याहून निराळा आहे असे प्रकाशनसंस्थेचे म्हणणे होते. तसे असेल तर आर्नेसन ह्यांस त्याचे मानधन देय होत नव्हते. त्यांनी १९७९ साली दावा लावला व १९८१ साली तडजोड झाली. नियम किती बदलले म्हणजे खेळ दुसरा होतो, हा सौंदर्यशास्त्रीय वाटणारा प्रश्न अशा रीतीने न्यायालयाच्या दारी गेला. अमेरिकन कायद्यात खेळाची पद्धती ही कोणाची वाङ्मयीन मालमत्ता होत नाही, तिची शब्दरचना मात्र होते. परंतु मेजाभोवती जे घडते ते पद्धतीही नव्हे आणि शब्दरचनाही नव्हे. ते त्या त्या वेळचे भाषण होय. ग्रंथ म्हणजे खेळ असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

५

आता १९७९ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड' ह्या ग्रंथातील एक स्थळ बारकाईने पाहू. फासे केव्हाही अमान्य करण्याचा अधिकार पंचास आहे, असे गायगॅक्स तेथे स्पष्ट म्हणतात. खेळाडूने शर्थीने व शहाणपणाने खेळ केला असता केवळ एका विपरीत दानामुळे त्याचे पात्र मरत असेल, तर पंचाने मृत्यूऐवजी मूर्च्छा, अवयवहानी किंवा अंधत्व असे काही योजावे, असा सल्लाही ते देतात. कलापक्षाचे चाहते नेहमी एवढाच भाग आधारास घेतात. परंतु त्याच ठिकाणी एक अपवाद सांगितला आहे. मृत पात्रास पुन्हा जिवंत करताना जे दान टाकावयाचे, त्यात पंचाने कधीही ढवळाढवळ करू नये. ते दान खेळाडूने स्वतः टाकावे. ते फसल्यास पात्र कायमचे गेले. मृत्यूला कोठेतरी अंतिमता हवी, असे कारण दिले आहे.

ह्या उताऱ्यात विसंगती आहे असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो मान्य नाही. पाणिनीय परंपरेत सूत्रांचे संज्ञा, परिभाषा, विधी, नियम, अतिदेश व अधिकार असे प्रकार सांगितले जातात. तेथे 'नियम' हा शब्द संकोच करणाऱ्या सूत्रापुरता आहे. आम्ही तो येथे व्यावहारिक अर्थाने वापरीत आहोत. विधिसूत्र कार्य सांगते. परिभाषासूत्र विधींचा अर्थ कसा लावावा आणि दोन विधी एकत्र प्राप्त झाल्यास कोणता प्रवृत्त व्हावा हे सांगते. तुल्यबल सूत्रांच्या विरोधात पुढचे सूत्र प्रबळ मानावे, असा ज्याचा परंपरेने अर्थ केला जातो ते अष्टाध्यायीतील १.४.२ हे सूत्र सर्वपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना कीलहॉर्न ह्यांनी नागेशभट्टांच्या 'परिभाषेन्दुशेखरा'चे जे संपादन व भाषांतर केले (१८६८–७४), त्यामुळे ही दृष्टी आपल्याकडील अभ्यासकांस नवी नाही.

ह्या भेदाच्या साहाय्याने पाहता गायगॅक्स ह्यांचा उतारा सुसंगत ठरतो. 'एक किंवा दोन पडल्यास दार उघडते' हा विधी आहे. 'पंचास दान अमान्य करता येते' ही परिभाषा आहे. 'अमुक दान अमान्य करता येत नाही व ते खेळाडूनेच टाकावे' ही त्या परिभाषेची मर्यादा आहे. फासा कोणाच्या हाती असावा ह्याचा तेथे निर्देश यावा हे अर्थपूर्ण आहे. जेथे निर्णयाचा अधिकार संपतो तेथे दान खेळाडूच्या हाती जाते.

६

चाहत्यांची चर्चा मात्र विधींभोवतीच फिरत राहिली. ग्लेन ब्लॅकॉ ह्यांनी १९८० साली 'डिफरंट वर्ल्ड्स' ह्या नियतकालिकात खेळण्याचे चार प्रकार सांगितले : सामर्थ्यसंचय, भूमिकाभिनय, युद्धकौशल्य आणि कथाकथन. हे वर्गीकरण उपयुक्त असले तरी ते खेळणाऱ्यांच्या अभिरुचीचे आहे. एकच खेळाडू एका तासात चारही प्रकारची विधाने करू शकतो. तेव्हा वर्गीकरण करावयाचे ते विधानांचे करावयास हवे होते. २००८ साली मॅट फिंच ह्यांनी जुन्या पद्धतीच्या खेळाचा पुरस्कार करताना नियमांपेक्षा निर्णयांवर भर देण्याचे सूत्र मांडले. तेही फेर्डी द्यू व्हेर्न्वा ह्यांच्या भूमिकेची अद्भुतरम्य आवृत्ती आहे. त्यात तथ्य आहे; कारण दार रेटल्यास काय होईल हे पुस्तक सांगते, पण खेळाडूने बिजागऱ्या काढावयाचे ठरविले तर काय, हे कोणत्या पुस्तकाने किती सांगावे? तथापि निर्णय हा नियमाच्या विरुद्धार्थी नव्हे. आज दिलेला निर्णय उद्याच्या तशाच प्रसंगी खेळाडू आठवून देतो, आणि पंचास तो सहजासहजी टाळता येत नाही. निर्णय हा नव्या नियमाचा पहिला उच्चार असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पंच पडद्याआड फासा टाकतो, दान प्रतिकूल पडते, आणि कथेच्या सौंदर्यासाठी तो अनुकूल फलित जाहीर करतो. ही कला की लबाडी? कलापक्ष म्हणतो, नाटकातही भ्रम असतोच. हे साम्य फसवे आहे. रंगभूमीवरील मरण खोटे आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते. येथे मात्र खेळाडूने आपले पात्र पणास लावले ते दान खरे आहे ह्या समजुतीवर. नियमपक्ष म्हणतो, मग सर्वच उघड असावे. तेही टिकत नाही. कारण नकाशा झाकलेला असल्यावाचून शोधाचा आनंद नाही. नकाशा झाकलेला आहे हे सर्वांस ठाऊक असते. ते झाकणे हा कराराचाच भाग होय. दान फिरविल्याचे मात्र झाकलेले असते. म्हणून आमचा निष्कर्ष असा, की पंचाने विधी मोडण्यास हरकत नाही, पण मोडलेला विधी पाळल्याचा बहाणा त्याने करू नये. 'येथे मी दान मानीत नाही' असे जो पंच उघड म्हणतो, तो आपल्या अधिकाराची किंमत त्याच वेळी मोजतो. मंडळी ते मान्य करतील किंवा कुरकुरतील. दोन्ही परी त्याच्या पुढील विधानांचे बळ शाबूत राहील. गुपचूप दान फिरविणारा पंच उघडकीस आला, तर त्याच्या मागील सर्व विधानांवर संशय येतो. ज्या खेळात दार केवळ उच्चाराने उघडते, तेथे उच्चारावरील विश्वास गेला की दारही उरत नाही.

पंचाची कला नियमांच्या बाहेर कोठे नाही; परिभाषेचा विवेकी आणि प्रकट वापर हीच ती कला. तिची समीक्षा करावयाची तर केवळ नियमग्रंथ वाचून भागणार नाही; मेजाभोवतीचे संभाषण हाच आपला पाठ मानावा लागेल. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' ह्या व्यावसायिक आवाज-नटांच्या मंडळीचे खेळ ध्वनिचित्रित स्वरूपात उपलब्ध आहेत. श्रोत्यांसमोर चाललेला खेळ घरगुती खेळाचा नमुना होऊ शकतो काय, ही शंका रास्त आहे, आणि तिची तपासणीही त्याच सामग्रीवरून होऊ शकेल. कोणती उक्ती कोणी केली, कोणी तिला आक्षेप घेतला आणि अखेर ती कोणत्या आधारावर मान्य झाली, ह्याची नोंद करीत गेल्यास अधिकार आणि भाषा ह्यांच्या संबंधाविषयी ह्या खेळापलीकडेही उपयोगी पडतील असे निष्कर्ष हाती येण्याजोगे आहेत.