खोलीचा प्रश्न

पुण्यात 'खोली' हा शब्द उच्चारला की ऐकणारा दोनच प्रश्न विचारतो. डिपॉझिट किती, आणि पाणी किती वाजता जातं? खोली पाण्यालाही असते, हे पेठेतल्या माणसाला सहसा सुचत नाही. तिसरी खोली साहित्यात असते आणि ती फक्त समीक्षकांना दिसते. "लेखनाला लांबी आहे, पण खोली नाही," असं त्यांनी लिहिलं की आपण मान डोलावतो. पण किती खोली हवी होती, चार फूट की चाळीस, हे कुणीच सांगत नाही.

हा आकडा सांगणारा एकच समीक्षक मी आयुष्यात पाहिला. तो म्हणजे आमचे मामा. त्यांची समीक्षा छापून आली नाही, याचं कारण ते फक्त मासे धरण्यावरच्या पुस्तकांची समीक्षा करत आणि तीही खडकवासल्याच्या काठावर बसून.

मामा पक्के शाकाहारी. त्यांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहायचा. अशा माणसानं दर रविवारी गळ, दोरी आणि कणकेच्या गोळ्या घेऊन सायकलीवरून खडकवासल्याला जावं, याचा मामींना फार संकोच वाटे. शेजारणीनं विचारलं तर "ते सिंहगडावर गेलेत" असं त्या सांगत. मासा लागलाच तर मामा त्याला सोडून देत. "मला मासा नको आहे, मला पुस्तक खरं की खोटं ते बघायचंय," असं ते म्हणत. शनिवारी प्रकरण वाचायचं, रविवारी पाण्यात तपासायचं. खरं निघालं तर समासात तांबड्या पेन्सिलीची खूण, नाही निघालं तर 'थाप' असा शेरा. दोरी गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

पहिला मान आयझॅक वॉल्टनचा. १६५३ साली लंडनच्या या दुकानदारानं 'द कम्प्लीट अँगलर' लिहिलं आणि इंग्रजांनी त्याला गाथेसारखं जपलं. मामांचं मत वेगळं होतं. "अरे, हा माणूस गोड बोलतो, पण मासे धरायला बसलाय की गप्पा मारायला?" वॉल्टन ब्रीम नावाच्या माशासाठी दोरीला शिसं बांधून आधी तळ मोजायला सांगतो. मामांनी तिथं खूण केली. पण एकदा तळ मोजून झाला की वॉल्टन गाण्याकडे, हवेकडे आणि देवाच्या दयेकडे वळतो. मामांचा शेरा : 'खोली एकदाच मोजली. पुढे गप्पा.' हे पुस्तक वाचनालयाचं होतं आणि मामांनी ते मुदतीत परत केलं. आयुष्यात त्यांनी वेळेवर परत केलेलं ते एकमेव पुस्तक.

दुसरा हेन्री सलिव्हन थॉमस. हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. त्याचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ साली निघालं. मामांना ते जुन्या बाजारात मिळालं, पाठीचं कातडं निघालेलं. थॉमसचं म्हणणं असं की, वजनास वजन धरलं तर आपला महसीर इंग्रजांच्या सामनला झुंजीत भारी आहे. हे वाचून मामांची छाती फुगली. महसीरच्या तोंडात दात नसतात, ते असतात घशात. पण जबडा असा की साधा गळ चेपून टाकतो. थॉमसनं हे सगळं पाण्यात उभं राहून शिकलेलं दिसतं. माशांच्या पिलांचा नाश थांबवा म्हणून सरकारशी भांडणारा माणूस तो. दोष एकच. पुस्तक लिहिलंय ते हाताखाली चार नोकर असलेल्या साहेबासाठी. मामांच्या हाताखाली मी एकटा, आणि माझं निम्मं लक्ष डब्यातल्या थालीपीठाकडे.

इथं पुणेकरांची मान ताठ करणारी एक गोष्ट सांगतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं १८३९ साली दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं, ते 'खुदरी'. नमुना कुठला, तर पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवरच्या मुळा-मुठेतला! कोळस, मुळ्या, नुक्ता अशी इथल्या नदीकाठची नावं या साइक्सनं शास्त्राच्या दप्तरात नेऊन बसवली. पुण्याची भाषा प्रमाण मानतात ती अशी, माशांनीसुद्धा.

पण खरा प्रश्न राहिलाच. गळ किती खोल सोडायचा?

मामांचा नातू हल्ली कॅनडात व्हँकुव्हरला असतो. तिकडे ज्याला 'स्प्रिंग सामन' म्हणतात तो मोठा मासा धरायला तो होडीतून गळ ओढत फिरतो. मध्यंतरी फोनवर तो मला शिकवू लागला. वाहत्या नदीत वरचं पाणी पळतं आणि तळाशी, दगडमातीच्या घर्षणानं, ते मंदावतं. प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा दमायला नको म्हणून तळ धरून जातो. म्हणून गळ तळाच्या जवळ हवा, पण तळाला अडकता कामा नये. पहाटे मासा थोडा वर असतो, ऊन चढलं की खाली जातो. आणि होडीचा वेग वाढवला की गळ आपोआप वर येतो. गंमत म्हणजे समुद्रातून नदीत शिरलेला हा सामन काही खातच नाही. अंडी घालेपर्यंत कडकडीत उपास! मग गळाला कसा लागतो? "चिडून," नातू म्हणाला. म्हणजे नाकासमोरून काहीतरी चमकत गेलं की त्याला राहवत नाही. मला आमच्या समीक्षकांची आठवण झाली.

नातवाच्या होडीत खोली दाखवणारं यंत्र आहे. पडद्यावर आकडा येतो. मी विचारलं, "मग रोज मिळतो का?" तो म्हणाला, "काका, खोली कळते. मासा कळत नाही."

मामांना यंत्राशिवाय हे कळलं होतं. त्यांना कळलं नव्हतं ते दुसरंच.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याची भिंत गेली. ज्या पाण्यात मामा दर रविवारी दोरी सोडत होते, ते पाणी मामांना शोधत शनिवार पेठेत आलं. नदीच्या अंगाला असलेल्या वाड्यात, तळमजल्यावर, मामांचं बिऱ्हाड एका खोलीत होतं. मामींना आणि पोरांना त्यांनी आधीच आमच्याकडे पाठवलं होतं. स्वतः निघाले ते सगळ्यात शेवटी. एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत थॉमस. दुसऱ्या दिवशी वाड्याच्या जागी चिखल आणि तुळया होत्या.

पाणी किती होतं, हे मामांनी कधीच सांगितलं नाही. कुणी विचारलं तर "होतं बऱ्यापैकी" म्हणत आणि विषय बदलत. गळ पुन्हा हातात घेतला नाही. थॉमस फळीवर गेला. मामींना शेजारणीशी खोटं बोलावं लागेना, पण त्या काही खूश दिसल्या नाहीत.

१९६५ साली पु. ल. देशपांड्यांचं 'एका कोळियाने' आलं. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा हा अनुवाद. मी कॉलेजात होतो, मोठ्या हौसेनं मामांना नेऊन दिला. त्यांनी आधी नावाची चिरफाड केली. "म्हातारा गेला, समुद्र गेला. पण कोळी ठेवला आणि शाळेतल्या कवितेतला, पडून पुन्हा चढणारा किडाही आणला. नुकसान आहे, पण भरपाई बरी आहे." मला वाटलं, झाली समीक्षा. पण आठ दिवसांनी पुस्तक परत आलं, तेव्हा एका पानावर चार वर्षांत पहिल्यांदा तांबडी पेन्सिल चालली होती.

ते पान खोलीचं होतं. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा चार गळ चार खोल्यांवर सोडतो : चाळीस वाव, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, सुमारे सहा फूट. आणि तो दोऱ्या अगदी सरळ ठेवतो. इतर कोळी दोऱ्या प्रवाहाबरोबर वाहू देतात. त्यांना वाटतं गळ शंभर वावांवर आहे, असतो साठावर.

"हा बघ खरा लेखक," मामा म्हणाले. "वॉल्टननं तळ मोजला, थॉमसनं मासा मोजला. यानं दोरीचा तिरपेपणा मोजला. सोडलेली दोरी म्हणजे खोली नव्हे रे. घाई केली की गळ वर येतो. माणसाला वाटतं, आपण फार खोल आहोत."

यापेक्षा चांगला समीक्षेचा निकष मी अजून वाचलेला नाही. सहाशे पानांची कादंबरी हाती आली की मी आता दोरी बघतो, तिरपी आहे की सरळ. बहुतेक कादंबऱ्या साठ वावांवर निघतात. माझे स्वतःचे लेख विचारू नका, ते पोहण्याच्या तलावात उथळ बाजूला असतात.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी मामांनी मला लकडी पुलावर नेलं. खिशातून दोरी काढली, टोकाला शिसं. कठड्यावरून ती सोडली आणि हळूहळू सरळ केली. ज्या पुलावरून १९६१ साली पाणी गेलं होतं, त्याच्याखाली त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं. दोरी हातात धरून मामा बराच वेळ उभे राहिले. पुण्यात पुलावर कुणी खाली वाकून पाहू लागला की दहा जण थांबतात, तसे थांबले. एका गृहस्थांनी विचारलं, "का हो, काही पडलं का?"

"हो," मामा म्हणाले. "खोली."

गृहस्थ हसले. मी हसलो नाही. दोरी गुंडाळायला मी हात पुढे केला, तर मामांनी प्रथमच ती स्वतः गुंडाळली. त्यानंतरच्या रविवारी ते सायकल पुसताना दिसले आणि मामी शेजारणीला सांगत होत्या, "हे सिंहगडावर निघालेत."

आता त्याच पुलावरून खाली पाहिलं तर पुण्याच्या नावानं शास्त्रात गेलेली खुदरी दिसायची नाही. दिसलीच तर जलपर्णी. महसीर पाहायचा तर लोणावळ्याला वळवण धरणाजवळ, तिथं टाटांनी सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास चालवली आहे. नाहीतर महाडजवळ वाळणकोंडीला. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की ते स्वतःच वर येतात. दोरी लागत नाही, शिसं लागत नाही. खोलीचा प्रश्न असाही सुटतो, हे तिन्ही पुस्तकांत नाही.

मामा गेल्यावर थॉमस माझ्याकडे आला. त्याच्या खालच्या कडेला तीन बोटं रुंद मातकट डाग आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मामांनी ते पुस्तक काखेत धरलं होतं. त्यांची उंची मला ठाऊक आहे. एकदा मी पुस्तक काखेत धरून आरशासमोर उभा राहिलो आणि खोली किती होती ते मोजलं.

समासात तांबडी खूण केली. आकडा लिहिला नाही.