‘धोका नाही’ या वाक्याचा अर्थ : संगणकजाळ्यावरील पहाऱ्याची भाषिक चिकित्सा

कंपन्यांच्या संगणकजाळ्यावर पहारा करणाऱ्या विश्लेषकांच्या व्यवसायाची चिकित्सा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावी, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. परंतु हे काम जवळून पाहिले असता ते मूलतः वाचनाचे काम आहे, असे दिसून येते. विश्लेषकाला शत्रू दिसत नाही. दिसतात त्या केवळ नोंदी. कोणत्या खात्याने केव्हा प्रवेश केला, कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी संबंध जोडला, कोणता पासवर्ड किती वेळा चुकला, एवढेच त्याच्या हाती येते. त्यावरून तो अर्थ काढतो आणि तो अर्थ वाक्यरूपाने वरिष्ठांपुढे ठेवतो. वाचन आणि विधान ही ज्या व्यवसायाची दोन टोके आहेत, त्याची चिकित्सा करण्यास भाषाभ्यासकाने संकोच करण्याचे कारण नाही.

विधानाची चूक किती महाग पडते, याचे उदाहरण महाड-पोलादपूरच्या परिसरात सर्वांच्या स्मरणात आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह काही वाहने प्रवाहात गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनाकडून नंतर सांगण्यात आले. पाहणी झालीच नाही, असा हा प्रकार नव्हे. ‘धोका आढळला नाही’ हे पाहणाऱ्याविषयीचे विधान आणि ‘धोका नाही’ हे पुलाविषयीचे विधान यांतील अंतर पुसले जाण्याचा हा प्रकार आहे. पहिल्या वाक्यावरून दुसरे वाक्य तर्काने निष्पन्न होत नाही. संगणकजाळ्याच्या पहाऱ्यातही मूळ दोष हाच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या पहाऱ्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली खुणेची : पूर्वी सापडलेल्या घातक प्रोग्रॅमची खूण कोशात नोंदवून ठेवायची आणि ती पुन्हा दिसली की इशारा द्यायचा. दुसरी विचलनाची : नित्याचा व्यवहार कसा असतो ते ठरवून त्यापासून जे ढळेल ते संशयित मानायचे. जेम्स अँडरसन यांच्या १९८० च्या अहवालात आणि डोरोथी डेनिंग यांच्या १९८७ च्या निबंधात या दुसऱ्या पद्धतीची मांडणी आढळते. पहिली पद्धत कोशकाराची, दुसरी प्रयोगाची नोंद घेणाऱ्या वैयाकरणाची, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कोशाला नवा शब्द कळत नाही. प्रयोगाच्या अभ्यासकाला नवा शब्द खटकतो, पण तो भ्रष्ट आहे की केवळ अपरिचित, हे त्याला सांगता येत नाही. ते संदर्भाने ठरते. महाडच्या बाजारपेठेतील व्यापारी केवळ नदीची पातळी पाहून दुकानातला माल माळ्यावर चढवीत नाही. महाबळेश्वरला पाऊस किती झाला आणि बाणकोटच्या खाडीला भरती केव्हा आहे, हेही तो विचारतो. पाणी तेवढेच असले तरी त्याचा अर्थ या दोन गोष्टींनी पालटतो.

संदर्भावाचून केलेले वाचन किती फसवे असते, हे साध्या हिशेबानेही दाखविता येईल. समजा, एखाद्या कारखान्याच्या जाळ्यावर दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यांपैकी १० घातक आहेत. इशारा देणारा नियम हजारात एकदाच चुकतो आणि खरी घातक नोंद एकही सोडीत नाही, असे गृहीत धरू. तरी दिवसाकाठी सुमारे १००० खोटे इशारे मिळतील आणि शंभरातला जेमतेम एक इशारा खरा ठरेल. नियम उत्तम असूनही हा परिणाम होतो, कारण मुळात दुर्जनांची संख्या अत्यल्प असते. स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये ही अडचण स्पष्टपणे मांडली. सतत खोटे ठरणारे इशारे वाचणारा माणूस कालांतराने इशाऱ्याकडेच दुर्लक्ष करू लागतो; हा त्याच्या आळसाचा नव्हे, तर व्यवस्थेचा दोष होय.

म्हणून अलीकडे सुट्या खुणांऐवजी त्यांच्या क्रमाकडे लक्ष वळले आहे. लॉकहीड मार्टिन कंपनीच्या संशोधकांनी २०११ मध्ये आक्रमणाच्या सात पायऱ्या कल्पिल्या : टेहळणीपासून आरंभ आणि उद्दिष्टपूर्तीने शेवट. शब्दाकडून वाक्याकडे जाणारी ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि या वाक्यरचनेत कर्ता नेहमी बाहेरचा असतो, हे तिचे वैगुण्य मानावे लागेल. रायगड जिल्ह्यातच त्याचा प्रत्यय आला. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका विश्वासू प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीबरोबर तो आत शिरला आणि मर्स्क कंपनीच्या जाळ्यातून जगभर पसरला. ज्याला आपणच दार उघडले, त्याच्या टेहळणीची खूण तटाबाहेर शोधून मिळणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जो विचार आहे, त्यात तटबंदीइतकेच महत्त्व आतल्या माणसांच्या निवडीला दिले आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

यापुढचा प्रकार मौनाचा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत पैसे काढण्यात आले आणि १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्याकडे वळविण्यात आले. चोरांनी पैसे देण्यास संमती देणारी एक खोटी यंत्रणा मध्येच उभी केली होती. त्यामुळे संमतीची विचारणा बँकेच्या मूळ लेखाप्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. त्या प्रणालीच्या नोंदी वाचणाऱ्याला शांतताच आढळली असती. नोंद नसणे हीदेखील एक खूण असू शकते, परंतु जेथे नोंद अपेक्षित आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती वाचता येते.

आता विधानाकडे वळू. बहुतेक कार्यालयांत इशाऱ्यांना ‘अतिगंभीर’, ‘गंभीर’, ‘मध्यम’, ‘सौम्य’ अशी विशेषणे लावतात. या एकाच श्रेणीत हानी किती होईल आणि ती होणार याची खात्री किती, असे दोन भिन्न प्रश्न मिसळले जातात. हेरखात्याच्या अहवालांतील असली संदिग्धता शेर्मन केंट यांनी १९६४ च्या प्रसिद्ध निबंधात उघड केली. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावरील आक्रमणाबाबत वापरलेल्या ‘गंभीर शक्यता’ या शब्दांचा अर्थ ते तयार करणाऱ्यांतच कोणी शेकडा २०, तर कोणी शेकडा ८० असा घेतला होता. केंट यांनी शब्दांना आकडे जोडून दिले. हा उपाय उपयुक्त खरा. परंतु अनुमान कशाच्या आधारावर केले, हे आकडा सांगत नाही.

या बाबतीत मराठीची क्रियापदे अधिक समर्थ आहेत, असे माझे मत आहे. ओले अंगण पाहून आपण ‘पाऊस पडून गेला असावा’ असे म्हणतो. वेळापत्रक ठाऊक असल्याने ‘गाडी एव्हाना पोलादपूरला पोचली असेल’ असे म्हणतो. पहिल्या वाक्यात हाती आलेल्या खुणेवरून केलेला तर्क आहे, दुसऱ्यात नित्याच्या अनुभवावरून केलेली अपेक्षा. प्रत्यक्ष बोलण्यात ही सीमा नेहमीच काटेकोर पाळली जाते असे नाही. परंतु भेद भाषेत आहे आणि तो पारिभाषिक करता येण्याजोगा आहे. ‘घुसखोर शिरला आहे’, ‘शिरला असावा’, ‘शिरला असेल’, ‘शिरू शकेल’ ही चार वाक्ये चार निरनिराळ्या जबाबदाऱ्या पत्करतात. इंग्रजी नमुन्यावर भरलेल्या अहवालांत त्या चारही एका विशेषणाखाली गाडल्या जातात.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार अशा घटनांची खबर ती लक्षात आल्यापासून ६ तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ‘लक्षात येणे’ केव्हा घडले, हे कोण ठरविणार? सहा तासांत ‘आहे’ म्हणण्याइतका पुरावा क्वचितच मिळतो. ‘असावे’ मात्र म्हणता येते. जेथे ‘आहे’ याखेरीज दुसरे क्रियापद प्रतिष्ठित नसेल, तेथे विश्लेषक गप्प राहील, आणि त्याच्या मौनाचे भाषांतर ‘धोका नाही’ असे होईल.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत संगणकजाळ्यावरील चूक केवळ पैशापुरती राहीलच, असे नाही. तेव्हा प्रत्येक अहवालात तीन गोष्टी वेगळ्या वाक्यांत असाव्यात, एवढीच येथे सूचना आहे : काय दिसले, त्यावरून काय असावे, आणि कोठे पाहिलेच नाही. यांतील तिसरे वाक्य लिहिणे सर्वांत अवघड असते, कारण ते लिहिणाऱ्याच्या मर्यादेची कबुली असते. सावित्रीच्या पुलाची पाहणी पुढे ज्यांनी वाचली, त्यांना त्याच वाक्याची गरज होती.