छत्र, दिवा आणि चित्ररथ

सर्वधर्मसमभाव, सांस्कृतिक वैविध्य, एकात्मता या शब्दांनी सजलेले समारंभ आपल्याकडे वर्षभर चालू असतात. त्यांचे वृत्तान्त आपण वाचतो, अध्यक्षीय भाषणे ऐकतो आणि हेतू उदात्त असल्यामुळे टीकेचा शब्द उच्चारणे अप्रशस्त मानतो. परंतु वाङ्मयाच्या बाबतीत हेतूच्या उदात्ततेवर आपण कधी गुण देत नाही. देशभक्तिपर असूनही एखादे नाटक वाईट असू शकते, हे आपणांस मान्य आहे. तोच न्याय लोकसमारंभास का लावू नये? दोन समाजांना जवळ आणण्याचा दावा करणारा सोहळा संपल्यावर त्या दोन समाजांतील माणसांचे एकमेकांशी असलेले नाते तसूभर तरी बदलले काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार टीकाकारास असावयास हवा. गोमंतकात या कसोटीला जुनी आणि नवी अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे मिळतात, म्हणून ही चर्चा गोमंतकापुरती करावयाची आहे.

प्रथम नवा प्रकार पाहू. गोवामुक्तीनंतर, १९६५ पासून, कार्निव्हालच्या निमित्ताने पणजीत किंग मोमोची आणि चित्ररथांची मिरवणूक निघू लागली. पुढे शिगम्यासही शासकीय मिरवणुकीचे रूप आले. रोमटामेळ, लोकनृत्ये व चित्ररथ यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पारितोषिके ठरली. या मिरवणुकांनी पुष्कळ कलाकारांना प्रतिष्ठा आणि चार पैसे मिळवून दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांची रचना लक्षात घ्यावी. रस्त्याच्या मध्यभागी कला, दोन्ही कडांना प्रेक्षक आणि एका बाजूस परीक्षकांचा मंच. कडेला उभ्या असलेल्या माणसाकडून टाळीखेरीज कसलीच अपेक्षा नसते. शेजारी निराळ्या धर्माचा मनुष्य उभा असला, तरी त्याच्याशी एक शब्द न बोलता दोघेही घरी परत जाऊ शकतात. येथे वैविध्य दिसते; त्याच्याशी संबंध मात्र जडत नाही.

आता बारदेशातील शिवोलीचा जागर घ्या. नाताळ सरल्यानंतर, डिसेंबर संपता संपता, रात्रभर चालणारे हे लोकनाट्य गावाचा राखणदार मानल्या गेलेल्या जागऱ्यासाठी होते. हिंदू आणि ख्रिस्ती हे दोघेही त्याला नवस बोलतात. कोणी तेल घालतो, कोणी मेणबत्ती लावतो. एकात्मतेवर तेथे कोणी भाषण करीत नाही. भाषणाची आवश्यकताच नसते, कारण राखणदार एक आहे आणि त्याचे देणे दोघांनाही लागू आहे. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने जागराची संहिता शिथिल असेल, विनोद कधी ग्राम्य असेल. परंतु प्रेक्षक आणि नट यांच्यामधील रेषा तेथे पुसट आहे, आणि हेच त्याचे बळ आहे.

म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हे दुसरे उदाहरण. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचे फेस्त भरते आणि हिंदू भाविक तिला तेल वाहतात. लोकमानसाने तिला सात बहिणींत स्थान दिले असून, वैशाख शुद्ध पंचमीला जिच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून चालतात ती शिरगावची लईराई तिची बहीण मानली जाते. धर्मशास्त्र्यांच्या आणि धर्मोपदेशकांच्या ग्रंथांत या नात्याला आधार मिळणार नाही. ही लोकप्रतिभेची निर्मिती होय. ‘आपण सर्व समान’ हे सूत्र बुद्धीला पटते आणि विसरले जाते. ‘ती हिची बहीण’ असे म्हटले की जाणे-येणे आले, देणे-घेणे आले, रुसवाही आला. बहिणी सारख्या असाव्यात असा कोणाचा आग्रह नसतो. भेद कायम ठेवून आप्तपणा सिद्ध करणारी ही प्रतिमा कोणत्याही समितीला सुचली नसती.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, जुने ते सारे गोड आणि नवे ते सारे पोकळ, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. तसे ते नाही, हे दाखविण्यासाठी कुंकळ्ळीकडे वळले पाहिजे.

जुलै १५८३ मध्ये सासष्टीतील या गावात ५ जेझुइट मिशनरी मारले गेले. त्यानंतर बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावप्रमुखांची पोर्तुगीजांनी हत्या केली. ग्रामदेवता शांतादुर्गा फातर्प्यास गेली आणि गावातील कित्येक घराणी ख्रिस्ती झाली. आजही फाल्गुनात देवीची पालखी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. तिच्यासोबत १२ छत्रे असतात, ती गावकऱ्यांच्या १२ वांगडांची. यांपैकी ज्या घराण्यांचा धर्म बदलला, त्यांचाही मान या छत्रोत्सवात राहिला आहे. गुलालात न्हालेली ती मिरवणूक पाहून एकात्मतेचे गोडवे गाणे फार सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी रक्त आहे. चर्चने त्या पाच मिशनऱ्यांना १८९३ मध्ये धन्य घोषित केले; गावात मारल्या गेलेल्या प्रमुखांचेही स्मारक आहे. एकाच गावात हुतात्म्यांच्या दोन स्मृती नांदतात, आणि छत्रोत्सव त्यांपैकी एकीलाही खोटे ठरवीत नाही. जखम लपवून केलेल्या सलोख्यापेक्षा जखमेच्या वाटेनेच दरवर्षी चालून जाणारी ही पालखी मला अधिक प्रामाणिक वाटते.

मात्र हा प्रामाणिकपणाही अपुराच आहे. छत्रे १२ वांगडांची आहेत. जो त्या वांगडांत जन्मला नाही त्याचे छत्र त्यांत नाही. गावची जमीन कसणारा, मागाहून वस्तीस आलेला, हा त्या सोहळ्यात प्रेक्षकच असतो. म्हणजे धर्माची भिंत ओलांडणारा हा उत्सव कुळाच्या भिंतीपाशी थांबतो. आपल्या ललित लेखकांनी गोमंतकाच्या सलोख्याची जी चित्रे रंगविली, त्यांत ही दुसरी भिंत क्वचितच दिसते. नारळीची झाडे, घुमटाचा नाद आणि चर्चची घंटा यांतच लेखणी रमते. चित्ररथाचा दोष प्रेक्षकाला काम न देणे हा असेल, तर या लेखनाचाही दोष तोच आहे.

आता हीच कसोटी आपल्यावर लावणे प्राप्त आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला. जवळजवळ ११ हजार ओव्यांचे त्याचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्याच गृहस्थाने कोकणीचे व्याकरणही रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरावयाचे नाही. परंतु एका परकीयाने दोन्ही भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. आणि आपण? १९६७ चा जनमतकौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या आगेमागे मराठी व कोकणी लेखकांत जो दुरावा आला, तो मिटविण्यासाठी आपल्या संस्था काय करतात? वर्षातून एकदा बहुभाषी कविसंमेलन भरवितात. कोकणी कवीस शाल दिली जाते, तो दोन कविता वाचतो, टाळ्या पडतात. त्याचा संग्रह सभागृहातील किती मराठी वाचकांनी उघडला आहे, असे विचारण्याची सोय नसते. रोमन लिपीतील कोकणी वाङ्मय आणि तियात्र यांच्याविषयी तर आपले औदासीन्य जुनेच आहे. असे संमेलन म्हणजे सभागृहात आणलेला चित्ररथच होय.

यावर उपाय खर्चिक नाही, कष्टाचा आहे. मराठी आणि कोकणी लेखकांनी दोघादोघांनी बसून एकमेकांचे एकेक पुस्तक अनुवादावे. एका शब्दावर अडावे, भांडावे, पुन्हा बसावे. संमेलनात कविता वाचण्याऐवजी त्या भांडणांचा वृत्तान्त वाचावा. मुद्दे कडू निघतील; १९६७ आणि १९८७ ही सालेही निघतील. ती निघू द्यावीत. कुंकळ्ळीची पालखी १५८३ टाळून जात नाही.

शिवोलीच्या जागऱ्यापुढे दिवा आणि मेणबत्ती शेजारी शेजारी जळतात. प्रत्येकाने आपली वात स्वतः आणलेली असते, आणि पहाटेपर्यंत ती तेवत ठेवण्याचे कामही त्याचेच असते. आपल्या व्यासपीठावरील समई मात्र कार्यवाह पेटवून ठेवतात आणि पाहुणे तिला हात लावतात.